दोन सूर्यास्तांमधली चोरी

१

गौतमचा फोन भर दुपारी आला, तेव्हाच लीलाताईंनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. हा मुलगा फोन करायचा तो सूर्य बुडताना. ऊन डोक्यावर असताना फोन करावा असं त्या बेटावर काही घडतच नव्हतं. घडवायला माणसं तरी कुठे उरली होती?

"मावशी, पासपोर्ट चोरीला गेले," तो म्हणाला. "आम्हा चौघांचेही. ऑफिसच्या कपाटातून."

लीलाताईंनी गॅलरीतल्या खुर्चीत बूड टेकलं आणि टॅब कानाजवळ नेला. चेहरा बघायची त्यांना गरज नव्हती. लीला विजयकर यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती. मुंबई-नागपूर, मुंबई-बेळगाव, मधे त्या. लोकांचं बोलणं ऐकू नये असा नियम होता, पण कान काही नियमाने चालत नाहीत. बायकोला थापा कोण मारतोय, "येतो" म्हणणारा खरंच येणार आहे की नाही, हे त्यांना त्या बायकोच्या आधी कळायचं. गिरगावातल्या अर्ध्या शेजाऱ्यांना या कानांची धास्ती होती, आणि उरलेले अर्धे अडचणीत सापडले की त्यांच्याकडेच यायचे.

गौतम परब हा त्यांच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीचा, लालबागच्या दुर्गाचा मुलगा. मालदीवच्या एका चिमुकल्या बेटावरच्या रिसॉर्टमध्ये तो जनरेटरपासून दारांच्या बिजागऱ्यांपर्यंत सगळं सांभाळायचा. साथ आली, पाहुणे मिळेल त्या विमानाने पळाले, तिथले कामगार आपापल्या गावी गेले आणि मग विमानंच बंद झाली. बेटावर पाच माणसं राहिली. मॅनेजर लुकास, हा ऑस्ट्रियाचा, पण इतकी वर्षं तिथे राहिलेला की त्याला आता दुसरं गाव नव्हतं. गौतम. वरळी कोळीवाड्याचा राजेश, हा रिसॉर्टची बोट चालवायचा. आणि हनिमूनला येऊन अडकलेलं एक जोडपं, दादरचा अनिमेष आणि त्याची जुई.

आता नौदलाचं जहाज आपल्या माणसांना न्यायला येत होतं. परवा सकाळी सुटणार होतं. त्यासाठीच लुकासने सगळ्यांचे पासपोर्ट एका पाकिटात घालून ऑफिसच्या कपाटात ठेवले होते.

"ऑफिसला इलेक्ट्रॉनिक कुलूप आहे मावशी. ते दोनच कार्डांनी उघडतं. एक लुकासचं, एक माझं." गौतम भराभर सांगत होता.  "काल संध्याकाळी ते माझ्या कार्डाने उघडलंय. कुलपात तशी नोंद आहे. आणि मी तर त्या बाजूला फिरकलोसुद्धा नव्हतो."

२

अपेक्षा तासाभरात परळहून आली. ही गौतमची बायको, तिथल्या एका हॉस्पिटलात नर्स. लालबागला सासूबाईंना दमा, म्हणून वॉर्डातला आजार घरी न्यायला नको, असं म्हणत ती लीलाताईंच्या मागच्या खोलीत राहायला आली होती. कालची दुपारपाळी तिने रात्रपाळीला जोडून केली होती, आणि सुटायला आजची दुपार झाली होती. दारातच पायातल्या चपला तिने कशाबशा सोडल्या. त्यातली एक उलटी पडली.

लीलाताई वाकल्या आणि ती सरळ करून दुसरीशेजारी लावली. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे गिरगावातल्या पोरींना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. लीलाताईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या हाताचा होता.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. अपेक्षा भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. फेब्रुवारीत त्यांचं लग्न झालं होतं. हातावरची मेंदी उतरायच्या आत गौतम कामावर परत गेला होता, एप्रिलात रजा घेऊन येतो म्हणून. एप्रिल आला तसा गेला.

"मग आता जहाज?" तिने विचारलं.

"बाकीच्यांना दूतावास तात्पुरते कागद देईल. पण ज्याच्या कार्डाने दार उघडलं त्याला नाही. उद्या राजधानीहून पोलिसांची बोट येणार. चौकशी होईपर्यंत गौतमला बेट सोडता यायचं नाही."

"आणि पुढचं जहाज कधी?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इतकी शांतता होती की चौपाटीवरच्या लाटा तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होत्या. या शहराला समुद्र आहे, हे गिरगावाला त्या उन्हाळ्यात नव्याने कळलं.

त्या समुद्रानेच या दोन घरांना एक सवय लावली होती. नकाशावर मुंबईवरून बोट सरळ खाली ओढलं की ते बेट लागतं. उन्हाळ्यात दक्षिणेकडे दिवस लवकर मावळतो, त्यामुळे सूर्य आधी तिथे बुडायचा, मग थोड्या वेळाने इथे. देवापाशी दिवा लावून लीलाताई टॅब घेऊन गॅलरीत बसायच्या. तिकडे गौतम गुडघाभर पाण्यात उभा असायचा, कारण चेहरा दिसेल एवढी रेंज बेटावर तेवढ्याच जागी होती; नुसता आवाज किनाऱ्यावरूनही यायचा. सूर्य पाण्याला टेकला की लुकास धक्क्यावरची पितळी घंटा वाजवायचा. पूर्वी ती पाहुण्यांसाठी असायची. पाहुणे गेले, तरी त्याने ती सोडली नव्हती. मग जुई मधे डोकं घालून ओरडायची, "लीलामावशी, आमचा बुडाला! तुमचा अजून आहे?" लीलाताई म्हणायच्या, "आहे गं, उरलाय थोडा," आणि टॅब फिरवून गिरगावचा सूर्य त्या बेटाला दाखवायच्या. त्या दिवसांत जग कुठे चाललंय हे कुणाला कळत नव्हतं, पण एका दिवसात दोनदा मावळणारा सूर्य त्यांना मिळत होता. त्यांना ते पुरत असे.

कालही घंटा झाली होती. राजेशच्या गळाचं रीळ करकरलं होतं. अनिमेषने पाण्यात डुंबताना एक जुनं भावगीत बेसूर करून सोडलं होतं. सूर्य गेल्यावर गौतम किनाऱ्यावर आला, चपला पायात सरकवताना हसला आणि म्हणाला, "आमच्या बेटाची टापटीप बघा मावशी. चपलासुद्धा जोडीने उभ्या राहतात." आणि फोन बंद केला होता.

"दार किती वाजता उघडलं?" अपेक्षाने विचारलं.

"नोंदीत सात वाजून दहा मिनिटं आहेत. त्या वेळी बाकीचे चौघे एका टेबलावर जेवत होते. गौतम तेवढा नव्हता."

"कुठे होता तो?"

लीलाताईंना ते सांगायचं नव्हतं. पण या मुलीपासून काही लपवणं बरं नव्हतं.

"परत पाण्यात जाऊन उभा होता. तू मधल्या सुट्टीत फोन करते म्हणाली होतीस ना? त्याची वाट बघत."

अपेक्षाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काल संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर, हातात फोन धरूनच तिला डुलका लागला होता.

"मी फोन केला असता, तर त्याच्याकडे साक्षीदार असता मावशी," ती म्हणाली.

३

लुकासशी लीलाताई इंग्रजीत बोलल्या. एक्स्चेंजमधलं इंग्रजी, थोडकं आणि कडक इस्त्रीचं.

"गौतम चोर आहे असं तुम्हाला वाटतं?"

"बाईसाहेब, मला काय वाटतं त्याला किंमत नाही. माणसं खोटं बोलतात. कुलूप बोलत नाही."

"तुम्ही सगळे एकत्र कसे जेवता? मॅनेजर आणि बोटवाला एका टेबलावर?"

तो हसला. आवाज मऊ झाला. "पाहुणे होते तोवर मी यांच्याबरोबर कधी बसलो नव्हतो. आता नियमच केलाय. सात वाजता सगळ्यांनी एका टेबलाशी यायचं. नाहीतर इथे माणसाला वेड लागेल. तुम्हाला गंमत सांगतो. आमच्या बेटाचं स्वतःचं घड्याळ होतं, राजधानीपेक्षा एक तास पुढे. पाहुण्यांना संध्याकाळ उशिरापर्यंत मिळावी म्हणून बरीच रिसॉर्ट तसं करतात. शेवटचा पाहुणा गेला, तेव्हा मी स्टुलावर चढून भिंतीवरचं एकेक घड्याळ मागे घेतलं. कुणासाठी पुढे ठेवायचं? त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं."

लीलाताईंनी त्याला रडण्याबद्दल काही विचारलं नाही. पण त्याने जाता जाता एक वाक्य टाकलं, ते त्यांनी कानात ठेवून दिलं. "खरं सांगू? गौतम गेला, तर इथला जनरेटर मी किती दिवस चालवणार? तो नसला की बेट काळोखात."

राजेश मात्र फोनवर आल्या आल्या तापला. "मी काय सांगू मावशी? मी सरळ माणूस. पासपोर्ट घेऊन काय मी भजी तळू? आणि मला एवढी घाई पण नाय घरी जायची. कोळीवाडा सील केलाय, होडी किनाऱ्यावर बांधून ठेवलीय. इकडे निदान गळ टाकायला तरी मिळतोय."

"काल सूर्य बुडताना कुठे होतास?"

"धक्क्यावर. कुठे जाणार? तुम्ही ऐकत असता की माझं रीळ." मग त्याने आवाज खाली आणला. "पण एक बोलू? हे बेट बरोबर नाय. नाश्त्याच्या हॉलचं दार आहे ना, ते सकाळी आपोआप उघडतं, पाहुण्यांसाठी तसं लावून ठेवलंय. पहिलं मी गळ टाकून परत यायचो, मग उघडायचं. पाहुणे गेले आणि आता मी निघतो तेव्हाच ते सताड उघडं असतं. काळोखात. आत खुर्च्या मांडलेल्या आणि कुणी नाय. कोण येतं सांगा नाश्त्याला?"

"भूत असेल," लीलाताई म्हणाल्या.

"चेष्टा नका करू मावशी," राजेश म्हणाला. "भूतच आहे. त्यानेच पाकीट नेलं असेल."

४

अनिमेषचा आवाज उन्हात वाळत टाकलेल्या चादरीसारखा निवांत होता. चोरी झाली हे त्याला कळलं होतं, पण लागलं नव्हतं.

"मला विचाराल तर मावशी, जहाज चुकलं तरी माझी तक्रार नाही. कंपनीने पगार निम्मा केलाय, तिकडे जाऊन काय दिवे लावणार? इथे मी कालवण करायला शिकलो. आईने घरी मला गॅसजवळ फिरकू दिलं नव्हतं कधी. परवा राजेश म्हणाला, हे कोळणीच्या हातचं वाटतंय. प्रशस्तिपत्रकच की हो ते!"

"आणि जुईला?"

"जुई काय, मी म्हणेन त्याला हो म्हणते." मागून भांड्याचा आवाज आला आणि थांबला.

लीलाताईंनी जुईला फोन द्यायला सांगितला. ही मुलगी गिरगावचीच, पलीकडच्या गल्लीत वाढलेली. तिची आजी आणि लीलाताई एका हळदीकुंकवाला जायच्या.

"डोकं दुखतंय मावशी," जुई म्हणाली. "उन्हामुळे असेल."

"पासपोर्ट गेल्याची भीती वाटते का?"

"नाही. म्हणजे, आम्हाला कागद मिळतायत म्हणे, लुकास सांगत होता. मला वाटलं होतं, पासपोर्ट नसला की कुणालाच नेत नाहीत." ती थांबली. "गौतमदादाला खरंच ठेवून घेणार?"

"तसं दिसतंय."

"पण त्याने काही केलं नसेल तर?"

"तर ते सिद्ध करावं लागेल."

"खरंच ठेवून घेणार?" तिने पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "अनिमेष हाक मारतोय," आणि फोन बंद केला. लीलाताईंना कुणाची हाक ऐकू आली नव्हती.

अपेक्षा चहाचा कप घेऊन आली. "काय वाटतं मावशी?"

"चोरीचा माल बघ. पासपोर्ट. बेटावर ना बाजार ना गिऱ्हाईक. तो पळवून चोराला मिळतं एवढंच की घरी जावं लागत नाही. आणि तिथे घरी जायला उतावीळ असा एकच माणूस आहे. त्यालाच त्यांनी चोर ठरवलाय."

"मग बाकी चौघांतलं कोण?"

"चौघेही असू शकतात. लुकासला जनरेटरवाला हवाय, राजेशला समुद्र हवाय, अनिमेषला कालवण हवंय." त्यांनी कप खाली ठेवला. "पण सात वाजून दहा मिनिटांनी चौघेही जेवत होते. तिथे माझं घोडं अडलंय."

५

सूर्य उतरू लागला तशा दोघी गॅलरीत येऊन बसल्या. चौपाटीच्या वाळूवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. दूरवर एक नाव पाण्यात नुसती ठेवून दिल्यासारखी दिसत होती. देवापाशी दिवा लागला होता. काहीतरी वाईट घडतंय आणि तरीही संध्याकाळ इतकी सुंदर आहे, याचा अपेक्षाला राग येत होता.

टॅब वाजला. गौतम पाण्यात उभा होता. त्याचं निळ्या फितीचं कार्ड आता त्याच्याकडे नव्हतं. लुकासने ते काढून घेतलं होतं. नवराबायको एकमेकांकडे बघत राहिली.

सूर्य पाण्याला टेकला. घंटा वाजली. सावकाश, एकेक ठोका सुटा.

लीलाताई एकदम ताठ झाल्या.

"गौतम, घंटा आत्ता किती वाजता झाली?"

"सहा वाजून गेलेत. आठ-दहा मिनिटं झाली असतील. का?"

"तू मार्चात पहिल्यांदा मला सूर्य दाखवलास, तेव्हा काय म्हणाला होतास आठवतं? मावशी, आमच्याकडे सात वाजून गेले तरी ऊन आहे."

"हो, तेव्हा बेटाचं घड्याळ होतं ना. एक तास पुढचं. सूर्य तेव्हाही याच वेळेला बुडायचा. फक्त आम्ही त्याला सात म्हणायचो आणि आता सहा म्हणतो."

"भिंतीवरची घड्याळं लुकासने मागे घेतली," लीलाताई सावकाश म्हणाल्या. "दारांच्या कुलपातली कुणी घेतली?"

पलीकडे गौतमच्या हातातला फोन हिंदकळला.

"प्रत्येक कुलपात आपलं आपलं घड्याळ असतं मावशी," गौतम पुटपुटला. "बॅटरीवर चालतं. ते कुणीच... अहो, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही!"

"राजेशच्या भुताच्या आलं होतं. नाश्त्याचं दार तासभर आधी उघडतंय ते उगीच नाही. त्या दाराच्या लेखी पाहुणे अजून बेटावर आहेत. जा, लुकासला बोलव."

लुकास आला. लीलाताईंनी त्याला एवढंच सांगितलं की ऑफिसचं दार आत्ता उघडा आणि कुलूप काय वेळ नोंदवतं ते वाचून या. गौतम फोन उंच धरून पाण्यातच उभा राहिला. वाळूवरून जाणारी आणि मग धावत परत येणारी पावलं ऐकू आली.

"एक तास पुढे," लुकास म्हणाला. त्याला धाप लागली होती. "बाईसाहेब, कुलूप खोटं बोललं."

"कुलूप बिचारं खरंच बोललं. तुम्ही त्याला नवी वेळ सांगितली नव्हती. काल त्याचे सात वाजून दहा झाले, तेव्हा तुमचे सहा वाजून दहा झाले होते. म्हणजे तुम्ही घंटा वाजवत होतात. आणि त्या वेळी गौतम कुठे होता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तो माझ्याशी बोलत होता, पाण्यात उभा राहून. आणि किनाऱ्याकडे पाठ करून बुडता सूर्य मला दाखवत होता."

अपेक्षा रडू लागली. बराच वेळ आत कोंडून ठेवलेलं असं ते रडणं होतं. गौतम पाण्यातून "अगं, अगं" एवढंच म्हणत राहिला.

लुकासने त्याची माफी मागितली. मग त्याने जे विचारायचं तेच विचारलं. "पण कार्ड तर गौतमचंच होतं. मग ते वापरलं कुणी?"

"गौतम, पाण्यात उतरताना कार्ड कुठे ठेवतोस?"

"खांबाला अडकवतो, चपलांपाशी. भिजलं तर बिघडेल म्हणून."

"आणि चपला कशा काढतोस?"

उत्तर अपेक्षाने दिलं, डोळे पुसत. "भिरकावतो. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि त्यातली एक हमखास उलटी. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून त्यावरून बोलणी खातो तो."

"आणि काल सूर्य बुडाल्यावर बाहेर आलास तेव्हा?"

गौतमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "सरळ होत्या," तो म्हणाला. "दोन्ही जवळजवळ लावलेल्या."

लीलाताईंनी डोळे मिटले. वाकणारा एक हात त्यांना स्वच्छ दिसत होता.

"लुकासना सांग, मला थोडा वेळ द्या," त्या म्हणाल्या. "आमचा सूर्य अजून आहे. आणि फोन जुईकडे दे. तिला एकटीला."

६

जुई पाण्यात येऊन उभी राहिली. तिच्यामागे आभाळ जांभळं होत चाललं होतं. इकडे गिरगावच्या गॅलरीत मात्र अजून पिवळं ऊन होतं. अपेक्षा उठून आत गेली होती.

"जुई, काल तू मला विचारलं नाहीस," लीलाताई म्हणाल्या.

"काय मावशी?"

"आमचा बुडाला, तुमचा अजून आहे का? रोज विचारतेस. काल मी उत्तर तयार ठेवून बसले होते. काल घंटा ऐकू आली, म्हणजे लुकास तिथे. रीळ ऐकू आलं, म्हणजे राजेश धक्क्यावर. तुझ्या नवऱ्याचं गाणं तर वरळीपर्यंत गेलं असेल. गौतम माझ्यासमोर. तेवढी तूच नव्हतीस."

जुई काही बोलली नाही. लाइन तुटल्यावरची शांतता वेगळी असते आणि माणूस गप्प झाल्याची वेगळी. लीलाताईंनी दोन्ही भरपूर ऐकल्या होत्या.

"आणि कार्ड परत अडकवताना तुला त्याची उलटी चप्पल दिसली. तुझी घाई होती, कुणी बघेल ही भीती होती. तरी वाकलीस. अगं, तुझ्या आजीने माझ्यासमोर तुला त्यावरून धपाटा घातलाय. उलटी चप्पल बघून पुढे जाणं तुला जमलंच नसतं. मला पण नसतं जमलं."

पाण्यात काहीतरी टपकल्यासारखा आवाज झाला. जुई रडत होती.

"मला त्याचं नाव यायला नको होतं मावशी. कुलूप नोंद ठेवतं हे मला कुठे माहीत? मला वाटलं, पाकीट मिळालं नाही की जहाज आम्हाला न घेताच जाईल. सगळे इथेच राहू. थोडे दिवस आणखी."

"पाकीट कुठे आहे?"

"रिकाम्या व्हिलात. उशीच्या खोळीत." तिने नाक ओढलं. "मावशी, तो इथे गातो. सकाळी उठून मला चहा देतो. आम्ही एवढं बोलतो, एवढं बोलतो! लग्नाआधी आम्ही दोन वेळा भेटलो होतो, तेही त्याच्या आईसमोर. दादरला तीन खोल्यांत सात माणसं आहेत. तिथे गेलो की तो आईचा मुलगा होईल आणि मी स्वयंपाकघरातली. हे सगळं आटपेल. मला माहितेय. स्वप्न पडत असताना कळतं ना, की हे स्वप्न आहे, तसं."

लीलाताईंना तिचा राग येत होता आणि तिची कणवही येत होती. दोन्ही एकाच जागी, छातीत डावीकडे. त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. पण दुसऱ्यांचे संसार त्यांनी तारेवरून इतके ऐकले होते, की ही मुलगी खोटं बोलत नाहीये हे त्यांना समजत होतं.

"आत अपेक्षा आहे," त्या म्हणाल्या. "ती वॉर्डात दोन-दोन पाळ्या करते. काल फोन हातात धरून बाकावर झोपली. तिला तुझ्यासारखं बेटही मिळालं नाही. लग्नानंतर दहा दिवस नवरा मिळाला, आणि मग हा टॅब. तुझं स्वप्न चालू राहावं म्हणून तिने आणखी किती जागायचं?"

जुईने मान खाली घातली.

"तू सांगणार आहेस. मी नाही," लीलाताई म्हणाल्या. "पाकीट स्वतः घेऊन जा आणि लुकासला दे. आणि त्याआधी अनिमेषला सांग. सगळं सांग, आत्ता मला सांगितलंस तसंच. त्याला कळू दे की त्याचं बेसूर गाणं कुणाला इतकं हवंय. बेट सुटलं तरी तो नवरा तोच आहे. निदान असायला हवा. नसला, तर मला फोन कर, मी बघते त्याच्याकडे."

जुईला रडता रडता हसू आलं.  तिच्या मागचा शेवटचा उजेडही गेला. मग तिने अगदी लहान आवाजात विचारलं, "मावशी, तुमचा अजून आहे?"

लीलाताईंनी टॅब फिरवला. गिरगावचा सूर्य चौपाटीपलीकडे पाण्याला टेकत होता.

"आहे. उरलाय थोडा. तो बुडायच्या आत जा."

ती गेली. फोन वाळूतच कुठेतरी ठेवला असावा, कारण लाइन चालू होती. लीलाताई कान देऊन बसल्या. आधी जुईचा आवाज, बराच वेळ, न थांबता. मग काहीच नाही.  आणि मग अनिमेषचा आवाज, अडखळत. "मला वाटायचं, हे सगळं फक्त मलाच संपायला नकोय."

लीलाताईंनी लाइन तोडली. ऐकू नये असा नियम होता, आणि एकदा तरी तो पाळायला हवा होता.

७

पोलिसांची बोट आलीच नाही. पाकीट सापडलं आणि चूक घड्याळाची होती, असं लुकासने राजधानीला कळवलं. जुईबद्दल तो कुणाला काही बोलला नाही. जहाज सुटलं त्या दिवशी चौघेही त्यावर होते. लुकास धक्क्यावर उभा राहून घंटा वाजवत होता, भर सकाळी, आणि जहाज दिसेनासं होईपर्यंत वाजवत राहिला, असं राजेशने सांगितलं. नाश्त्याच्या हॉलच्या कुलपाची वेळ लुकासने बदलली नव्हती. पाहुणे परत आले की लागेल, म्हणाला.

मग कोचीला विलगीकरण, मग एक बस, मग आणखी एक विलगीकरण. या सगळ्यातून गौतम एका संध्याकाळी गिरगावात पोचला. दुर्गाला लालबागला फोनवरून दाखवला, तिने तिथूनच मीठ-मोहरीने त्याची दृष्ट काढली. तो काळवंडला होता आणि बारीक झाला होता. जिना चढून आला तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता. त्या दिवसापासून तो एकदाच बुडणार होता.

दारात अपेक्षा उभी होती.  मग गौतमने सवयीने पायातल्या चपला भिरकावल्या. एक कठड्यापाशी गेली. दुसरी उंबऱ्याशी येऊन उलटी पडली.

लीलाताईंचा हात आपोआप खाली गेला. पण अपेक्षाने मधेच त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या मावशी," ती म्हणाली. "होऊ दे भांडण. भांडायला तो आलाय ना."